शेवटच्या कडव्यातलं नाव

सुधाकरने मला फसवलं. गेली दहा वर्षं तो कोकणातल्या गावोगावी जाखडी गातो, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरू म्हणून दाऊदचं नाव घेतो. ते नाव माझं असायला हवं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी तिकडे हवापालटाला गेलो होतो असं कुणाला वाटायचं.

आपल्या सांगलीकडच्या वाचकांना जाखडी ठाऊक नसेल. गाणारे, ढोलकीवाला आणि झांजवाला मधोमध बसतात, आणि एका पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती गोल फिरत नाचतात. गाणाऱ्यांचे दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. गाणं संपवताना शाहिराने स्वतःचं, गावाचं आणि गुरूचं नाव घ्यायचं. ते घेतल्याशिवाय गाणं पुरं झालं असं तिथे कुणी मानत नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर भावकी वर्षानुवर्षं बोलत नाही, तिकडे तो मान शेवटच्या कडव्याला आहे.

आता माझा हक्क काय ते सांगतो. वडिलांची बदली झाली म्हणून मी लहानपणी रत्नागिरीत आलो आणि तिथेच वाढलो. कॉलेजात आम्ही तिघं एकत्र आलो. सुधाकर देवरूखच्या पुढच्या एका डोंगराळ गावातला, दाऊद हेदवीकडचा, खाडीकाठचा. दाऊदचा मोठा भाऊ आखातात नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना साबण, अत्तर आणि कॅसेटी आणायचा. त्या कॅसेटींच्या कव्हरवर चार-पाच गोरे पुरुष असायचे. केस सिंहासारखे फुगवलेले, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली, अंगाला चिकटलेल्या चकचकीत विजारी. दाऊदच्या आईने पहिलं कव्हर पाहून विचारलं होतं, "ह्या बाया एवढ्या रागावल्यात कशाला?"

पण त्या बाया गायला लागल्या की अंगावर काटा यायचा. गिटार आधी दात विचकायची, मग ढोल पडायचे, आणि गाणारा अशा काही वरच्या सुरात किंकाळी फोडायचा की वाटायचं, आपल्यालाही असं ओरडायचं होतं, फक्त आजवर कुणी परवानगी दिली नव्हती. आणि तेच लोक पुढच्या गाण्यात मांजरासारखे मऊ होऊन प्रेमासाठी रडायचे. मला ते दोन्ही आवडायचं.

आम्ही बँड काढला. नाव ठेवलं 'रेड कातळ'. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन आणून शिंप्याकडून विजारी शिवून घेतल्या. रत्नागिरीच्या दमट हवेत त्या घालताना अर्धा तास लागायचा, काढताना दोघांनी ओढायला लागायच्या. केस उभे राहावेत म्हणून भाताची पेज लावायचो. वाळली की केस बाभळीसारखे ताठ, पण पहिल्याच गाण्यात घाम आला की पेज ओघळून डोळ्यांत. दाऊद ड्रम वाजवायचा, मी गिटार धरायचो, सुधाकर गायचा. वाजवण्यात माझा जीव बेताचा होता हे मान्य करतो. पण गाणी निवडायचो मी. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून सुधाकरच्या हातात द्यायचो मी. गॅदरिंगला वेळ मिळवण्यासाठी भांडायचो मी. बाजाराच्या तोंडाशी माझी कॅसेटी भरून देण्याची टपरी होती, मूळ कॅसेटी मी तिथेच ठेवून घ्यायचो, त्यांच्या प्रती काढून सुधाकरला द्यायचो आणि म्हणायचो, "अस्सा सूर लागला पाहिजे. खाली गायलास तर याद राख."

मग सुधाकरचा गळा गेला. बँड मोडला. मी सांगलीला आलो, शून्यातून टेप-टीव्हीचं दुकान उभं केलं. तिकडच्या त्या केसवाल्यांचेही दिवस भरले. फाटके शर्ट घालून मान खाली घालून गाणारी पोरं आली आणि माझ्या दुकानात जुन्या कॅसेटींना गिऱ्हाईक उरलं नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, कोकणातला एक ट्रकवाला टेप दुरुस्तीला घेऊन आला. आत जाखडीची कॅसेट अडकली होती. चालू केली तर सुधाकर. तोच सूर, तीच किंकाळी, फक्त शब्द गौळणीचे. मी काउंटर धरून उभा राहिलो. मग शेवटचं कडवं आलं, त्यात दाऊदचं नाव आलं, आणि मी टेप बंद केला. त्याच आठवड्यात गणपतीच्या सुमाराला जायचं ठरवलं.

रत्नागिरी

घाट उतरताना काय दिसतं ते पुष्कळांनी लिहिलंय. मी बसमध्ये झोपलो होतो.

रत्नागिरीत पहिलं काम लॉजवाल्याशी भांडण. खोलीला खिडकी होती, पण ती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उघडत होती. मी म्हटलं, हिचं भाडं वेगळं लावताय का. तो म्हणाला, "वास फुकट आहे साहेब." कोकणी माणूस भांडताना आवाज चढवत नाही, त्यामुळे भांडणाची मजा येत नाही. आपण तापतो आणि तो पान लावत बसतो. तरीही मी त्याला खाली आणला.

माझ्या टपरीच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारच्या गल्लीत एक कॅसेटवाला सापडला. इंग्रजी गाण्यांचा खण रिकामा, त्यात उदबत्त्या ठेवलेल्या. जाखडीचे मात्र तीन खण भरलेले. आणि मधल्या खणात ओळीने सुधाकर. कव्हरवर फेटा, आणि फेट्याखालून खांद्यावर उतरलेले काळेभोर केस.

मी टोपी काढली नाही. माझ्या डोक्यावर आता कानांच्या वर काही उरलेलं नाही.

"ह्यांचे केस खरे आहेत का?" मी विचारलं.

"कोणाचे? शाहिरांचे? म्हणजे काय." दुकानदाराला माझा प्रश्नच समजला नाही. "केस काय घेऊन बसलात, गळा बघा. आमच्याकडे सगळे शाहीर गातात, हे गावाच्या वेशीवरून ऐकू येतात."

"कुणी शिकवलं ह्यांना?"

"गुरू त्यांचे दाऊदभाई. प्रत्येक गाण्यात सांगतात की." आणि मग, सहज, "तुम्हाला माहीत नाही म्हणजे तुम्ही घाटावरचे."

चौदा वर्षं मी ह्या गावात काढली. इथल्या शाळेत शिकलो, इथल्या समुद्रात पोहायला शिकलो. आणि सुधाकर, जो कॉलेजात आला तेव्हा बाजारात वाट चुकायचा, तो आता 'आमच्याकडचा'. त्या संध्याकाळी मी मांडवीच्या धक्क्यावर बराच वेळ बसलो. समुद्र मातकट, खवळलेला. लोक कणीस खात होते. कणीस घेतलं तेही कच्चं निघालं. परत करून दुसरं घेतलं.

देवरूखच्या पुढे

देवरूखला सकाळच्या एसटीने गेलो. भाद्रपदात हा रस्ता बघावा. जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे दगडी माळ, उन्हाळ्यात तव्यासारखे काळे पडलेले असतात, त्याच दगडावर आता बोटभर उंचीची जांभळी, पांढरी फुलं गालिच्यासारखी पसरलेली होती. माती कुठे दिसत नाही आणि फुलं मात्र आहेत. खाली वळणावळणाने भाताची खाचरं. आपल्या उसासारखं इथलं पीक अंगावर येत नाही, पायाशी राहतं.

देवरूखच्या बाजारात गौरीची गर्दी. तिथून पुढे वडापच्या जीपने. जीपमध्ये सुधाकरचं घर विचारलं तर पाचजण एकदम सांगू लागले, आणि उतरल्यावर एकाने पिशवी धरली. शाहिरांचे पाहुणे. माझ्या स्वतःच्या गावात माझं घर विचारलं तर लोक आधी विचारतात, काय काम आहे.

गौरीपूजनाचा दिवस होता. सुधाकरची बायको सुनंदा ओट्यावर वड्यांचं पीठ मळत होती. मला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. नाव सांगितलं तशी हात धुऊन उठली.

"विजूभावोजी? ते सांगलीचे? या वो, बसा. येतीलच ते. कायम बोलतात तुमचा."

"काय बोलतो?"

"तुम्ही केसांना पेज लावायचेव ते." आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

सुधाकर आला तो डोक्यावर इरलं घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून दारातच थांबला. मग इरलं टाकून, तसाच चिखलाने मला मिठी मारली. "मेल्या, तेरा वर्षं! कुठं मेला होतास?" त्याचे केस मागे रबर लावून बांधलेले. एकही पांढरा नाही. मी ठरवून आलो होतो की पाणी घेण्याआधी विषय काढायचा. पण मिठीत माणसाला भांडता येत नाही. बहुतेक त्याला ते ठाऊक असावं.

जेवायला मटण आणि वडे. आपल्याकडे गौरीला पुरणपोळी असते. इथे बऱ्याच घरांत गौर माहेरवाशीण म्हणून येते आणि तिला तिखटाचा नैवेद्य लागतो. गणपती शाकाहारी, तोही त्याच खोलीत, म्हणून त्याच्यासमोर पडदा ओढतात. मखराला सुनंदाची जुनी साडी लावली होती. तिच्याआड गणपती, अलीकडे गौर, आणि गौरीसमोर रस्सा. रस्सा असा होता की मी दोनदा भांडण विसरलो.

हात धुतल्यावर मी विषय काढला. "सुधा, तुझी कॅसेट ऐकली."

"कुठली?"

"कुठलीही घे. शेवटच्या कडव्यात सगळीकडे एकच नाव आहे."

तो सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला नाही. "मग?"

"तुला गायला कुणी शिकवलं? कॅसेटी कुणी दिल्या? सूर वर ने म्हणून डोकं कुणी खाल्लं? दाऊद मागे बसून डबे बडवत होता. माझं नाव टाक. दाऊदचं काढ असं मी म्हणत नाही. दोन्ही टाक. हे मी खाली येऊन बोलतोय."

"ही काय भाजी आहे विजू? गुरू एकच असतो."

"मग तो दाऊद का?"

सुधाकरने साडीच्या पडद्याकडे पाहिलं. "घरात गणपती आहे. तो असेपर्यंत मी कुणाविषयी वाईट बोलत नाही. दाऊदला विचार."

"पडदा ओढून मटण चालतं, मग खरं बोललेलं चालत नाही?"

"पडदा खाण्यापुरता असतो," तो म्हणाला. "ऐकू त्याला येतंच."

सुनंदा आत भांडी घासत होती, तिचा हात थांबलेला मला कळला. मग सुधाकरने सांगितलं की गणपती बोळवल्यावर पलीकडच्या गावात तुरेवाल्यांशी सामना आहे, दुपारचा, देवळाच्या सभामंडपात. दाऊदही येणार आहे. "तूही ये. आधी त्याला भेट, मग ये."

हेदवीच्या अलीकडे

हेदवीला लोक दशभुजा गणपतीसाठी जातात. मी देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो, खालूनच नमस्कार केला आणि मागे वळून खाडीची वाट धरली. दाऊदची वाडी खाडीकाठी आहे. माड, कुंपणाला जांभ्याचे गडगे, आणि प्रत्येक तिसऱ्या घरावर आखातातल्या पैशाची गच्ची. दाऊद नऊ वर्षं तिकडे होता. आता परत येऊन मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पोट सुटलंय, दाढी पांढरी झालीय. हे बघून मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"टोपी काढ बघू," हे त्याचं पहिलं वाक्य. मी काढली. तो पाना खाली ठेवून हसत बसला. "आणि आम्हाला सांगायचास, केस हेच भांडवल आहे."

त्याच्या आईला आम्ही खाला म्हणतो. तिने ओळखलं, जेवायला बसवलं. मटणाचं सालन आणि सांदणं. सांदण म्हणजे तांदळाचा वाफवलेला मऊ केक, इडलीचा श्रीमंत मामेभाऊ. दोन दिवसांत दोन घरी मटण आणि दोन्हीकडे चव वेगळी. सुधाकरकडे खोबरं भाजलेलं, इथे कच्च्या नारळाचं दूध. मी एवढं जेवलो की खालाने विचारलं, सांगलीला अन्न मिळतं ना?

मग मी विचारलं. दाऊद आत गेला आणि एक टेप आणि दोन कॅसेटी घेऊन आला. एक मूळची, परदेशी, कव्हरचा रंग उडालेला, पण त्या बाया अजून रागावलेल्या. दुसरी साधी, तिच्यावर माझ्या अक्षरात गाण्यांची नावं.

"आधी तुझी," तो म्हणाला.

तेरा वर्षांनी ऐकलं. गिटारीने दात विचकले, ढोल पडले, किंकाळी आली. बावीस वर्षांचा मी, रेक्झिनच्या विजारीत, कॉलेजच्या स्टेजवर, समोर पहिल्या रांगेत प्राचार्य कानांवर हात ठेवून. काय दिवस होते. घरात कुणी विचारत नव्हतं, गावात कुणी ओळखत नव्हतं, आणि तरी त्या दहा मिनिटांत वाटायचं की हा समुद्र, हा धक्का, ही सगळी माणसं आपण बोलावली म्हणून आलीत. डोळे भरून आले ते मी सालनाच्या तिखटावर ढकललं.

"आता ही," दाऊद म्हणाला, आणि त्याच टेपमध्ये मूळची घातली.

तेच गाणं. पण जड, सावकाश, आणि गाणारा चांगला दीड-दोन सूर खाली. त्याची किंकाळी म्हणजे माणसाची किंकाळी होती, कुणालाही जमेल अशी.

दाऊद माझ्याकडे बघत राहिला. "सेल," तो म्हणाला.

इथे मला सगळं सरळ लिहायला हवं. माझ्या टपरीला वीज नव्हती. दोन टेप होते, दोन्ही सेलवर. ज्यात मूळ कॅसेट वाजायची त्यात मी नवे सेल घालायचो, कारण गिऱ्हाईक तो ऐकायचं. ज्यात प्रत भरायची त्यात उरलेसुरले, उन्हात तापवून, दातांनी चावून पुन्हा जिवंत केलेले. मेलेल्या सेलवर टेप हळू फिरतो. हळू भरलेली कॅसेट चांगल्या मशीनवर वाजवली की जलद वाजते आणि सूर वर चढतो. 'रेड कातळ'ने जी जी गाणी शिकली ती सगळी अशी शिकली. सुधाकर ज्या सुरापर्यंत पोचायला रोज सड्यावर जाऊन ओरडत होता, तो सूर जगात कुणी कधी गायलेलाच नव्हता.

"त्याच्या थुंकीतनं रक्त आलेलं, आठवतं?" दाऊद म्हणाला. "दोन महिने मुका होता. माझ्या आईने त्याच्या देवीला नवस केलान. आणि तू काय म्हणालास त्याला?"

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, तुझ्यात दम नाही, ते लोक बघ कसे गातात.

"मी सुट्टीवर आलो, ही घेऊन आलो, त्याला ऐकवली. आधी त्याला कळेना. मग खाली बसला आणि हसायला लागला. असा हसला की माझी आई बाहेर आली. म्हणाला, दाऊद, मी त्यांच्या वर गात होतो रे. त्यानंतर तो गायला लागला. मी काय शिकवलं? काय नाय. खरं काय ते दाखवलं एवढंच." त्याने टेप बंद केला. "एक सांग विजू. तुला माहीत होतं?"

होतं. दोन गिऱ्हाइकांनी तक्रारही केली होती, गाणं पळतंय म्हणून. मी त्यांना सांगितलं होतं, मूळ कॅसेटच तशी आहे.

हे मी दाऊदला सांगितलं. खालाने चहा आणून ठेवला तेव्हा तो फक्त म्हणाला, "पी. गार होईल."

सामना

परतीच्या वाटेवर मी भांडत होतो, स्वतःशीच. गुन्हा कबूल. पण माझ्यासारखा माणूस गुन्हा कबूल करून उठून जात नाही, त्यात आपलं काय उरतं ते बघतो. मी नवे सेल वापरले असते तर सुधाकर चार गोऱ्यांसारखा बरा गायक झाला असता आणि आज कुठल्यातरी पतपेढीत कारकून असता. वेशीवरून ऐकू येणारा गळा माझ्या लबाडीने तयार केला. लबाडी माझी, मग गळ्यात माझा हिस्सा नाही? दाऊदने खरं दाखवलं. पण दाखवायला तिथे जे होतं ते कुणामुळे होतं?

सामन्याच्या दिवशी मी दोन तास आधी पोचलो आणि सुधाकरकडे न जाता तुरेवाल्यांच्या शाहिरांकडे गेलो. गोविंदबुवा, सत्तरीचे, पुढचे दात नाहीत. देवळामागच्या पडवीत बशीतून चहा पीत होते. मी म्हटलं, बुवा, ज्याचं उत्तर सुधाकरकडे तयार नाही असा एक सवाल आहे.

"पुराणातला हाय का?"

"नाही. पण खरा आहे."

"मंग नाय चालत." बुवांनी बशी पुसली. "सवाल शास्त्रात बसाया लागतो."

मी आयुष्यभर नाही म्हणणाऱ्यांकडून हो घेतलंय. बसलो शेजारी आणि सगळं सांगितलं, फक्त कॅसेट आणि सेल गाळून. शिष्याला गुरूने मुद्दाम चुकीचा सूर दिला, शिष्याने रक्त ओकून तो गाठला आणि त्यामुळेच मोठा झाला, तर मान कुणाचा?

बुवांनी बशीत पुन्हा चहा ओतला. मग म्हणाले, "खोटं बोलून विद्या घेतलान असा कर्ण हाय. खोटी विद्या देऊन शिष्य मोठा झाला, ह्ये उलटा झाला." त्यांना आवडलं होतं, बशी धरलेला हात ताल धरू लागला. "घालतो बसवून. कुणी दिलान म्हणून सांगू?"

"विजय, सांगलीचा."

"नको. बसत नाय चालीत."

तीन वाजता सुरुवात झाली. सभामंडप भरलेला, बाहेर पावसाची सर, ओल्या घोंगड्यांचा वास. गण झाला, गौळण झाली. सुधाकरच्या ढोलकीवाल्याने जो ठेका धरला तो मी ओळखला. दाऊदचा होता, त्या पळत्या कॅसेटीवरून उचललेला. दाऊद पहिल्या रांगेत, मान डोलावत. मी खांबापाशी, चौथ्या रांगेत. खुर्ची एकालाच दिली होती, दाऊदला.

मग गोविंदबुवांनी सवाल टाकला. चुकीचा सूर, ओकलेलं रक्त, मोठा झालेला शिष्य. बुवांनी कर्णाला मध्ये आणून असा बांधला की लोकांनी माना वळवल्या. सुधाकरने पहिली ओळ ऐकली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. एवढ्या गर्दीत त्याने मला शोधलं. मी नजर काढली नाही. आता तो माझा मान ठेवेल किंवा मला फोडेल, काहीही करो, माझं नाव ह्या मंडपात पडणार.

त्याने डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला आणि उचलला तो थेट वरचा सूर. तोच. गोऱ्यांनीही न गाठलेला. नाचे क्षणभर चुकले, चाळ उलटसुलट वाजले.

*चुकली वाट सांगून गेला, चालला तो का पाय त्याचा?*
*काटे तुडवीत वर मी आलो, डोंगर काय त्याच्या बापाचा?*
*उजेड धरला खालून ज्यानं, गुरूचा मान त्यालाच साचा*

आणि मग स्वतःचं नाव, गावाचं नाव, दाऊदचं नाव. मंडप उठला. गोविंदबुवा स्वतः उभे राहून दाद देत होते. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, डोळे पुसत मला म्हणाला, "काय गायलान वो. पन कोन असंल हा वाट चुकवनारा?"

मी टोपी कपाळावर ओढली. तेवढा वेळ आख्ख्या मंडपात मी एकटाच होतो ज्याच्याविषयी ते गाणं होतं, आणि मी सोडून ते दोघांनाच माहीत होतं.

संपल्यावर मी सुधाकरला गाठलं. तो घामाने निथळत होता, केस सुटलेले.

"नाव का नाही घेतलंस?"

"एवढी माणसं बसलेली विजू. तू पाहुणा. पाहुण्याला असं उघडं पाडत नाहीत आमच्यात."

"मी मागितलं होतं."

"गुरू म्हणून मागितलं होतंस. ते तू नाहीस." तो केस बांधत होता, आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. "आणि दुसरं जे आहेस, ते मी गाण्यात घालणार नाही. चल, जेवायला थांबलेत सगळे."

मी थांबलो नाही. देवरूखची शेवटची एसटी धरली.

सुधाकर, हे छापून आलं की मी तुला पाठवणार आहे. सुनंदा वाचून दाखवेल, तू टाळाटाळ केलीस तरी. तुझं रक्त माझ्या मेलेल्या सेलांनी काढलं, हे मी इथे चारचौघांत लिहिलंय, तू झाकलंस ते मी उघडं केलंय, तेव्हा पाहुण्याची सबब आता संपली. दाऊदला गुरू म्हण, मी हरकत घेत नाही. मला चोर म्हण, लबाड म्हण, वाट चुकवणारा म्हण. पण बाप काढलास आणि नाव गाळलंस, हा कुठला न्याय? ज्याच्यामुळे तू रडलास त्याला तुझ्या एवढ्या गाण्यांत एक ओळ नसावी? तू मला माफ केलंयस की पुसून टाकलंयस? ह्याचं उत्तर मला पत्राने नको, जेवायला बोलावून नको. गाण्यात दे, शेवटच्या कडव्यात, माझ्या गावाच्या नावासकट.